वाचकांचे प्रश्न : युरोपातले परदेशी विद्यार्थी नेमके कुठून येतात?

युरोपातल्या उच्च शिक्षणावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत सर्वाधिक विचारणा एकाच गोष्टीची होती: कोणत्या देशात कुठली मुलं शिकायला येतात, आणि तीच का येतात? त्यातले निवडक प्रश्न आणि उत्तरं पुढे देत आहोत.

प्रश्न : फ्रान्समधल्या परदेशी विद्यार्थ्यांचे दोन आकडे वाचनात आले. २०२०-२१ साठी एका ठिकाणी सुमारे ३ लाख ६५ हजार दिलेत, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच वर्षासाठी सुमारे २ लाख ५३ हजार. लाखभर मुलांचा फरक कसा पडतो? खरा आकडा कोणता?

दोन्ही खरे. फरक आहे तो ‘परदेशी विद्यार्थी’ कोणाला म्हणायचं याचा.

पहिला आकडा काँपुस फ्रान्स या सरकारी संस्थेचा. तिथे पासपोर्ट पाहतात. फ्रेंच नागरिकत्व नसलेला जो कोणी फ्रान्समधल्या उच्च शिक्षणसंस्थेत नाव नोंदवतो, तो या आकड्यात येतो. आईवडिलांबरोबर आठव्या वर्षी मोरोक्कोहून आलेली, शाळा मार्सेयमध्येच शिकलेली, बाकालोरेआची (फ्रान्समधली शालान्त) परीक्षाही तिथेच दिलेली मुलगी यात ‘परदेशी’ ठरते, कारण तिच्याकडे अजून मोरोक्कोचाच पासपोर्ट आहे. दुसरा आकडा युरोस्टॅटचा, म्हणजे युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाचा. युनेस्को, ओईसीडी (प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक संघटना) आणि युरोस्टॅट या तिन्ही संस्था मिळून सगळ्या देशांकडून एकाच नमुन्यात माहिती मागवतात. त्या नमुन्यात विद्यार्थी शिकण्याच्या उद्देशाने सीमा ओलांडून आलेला असावा लागतो. मार्सेयची ती मुलगी इथे गळते.

तो ‘कुठून’ आला हे ठरवण्याचाही क्रम आहे. उच्च माध्यमिक शिक्षण जिथे पूर्ण झालं तो देश पहिली पसंती. ती नोंद नसेल तर येण्याआधी जिथे नेहमीचं राहणं होतं तो देश. दोन्ही नसेल तर नाइलाजाने नागरिकत्व. सगळ्या देशांना पहिली पसंती पाळणं जमत नाही. काही देश आजही नागरिकत्वावरच मोजतात, आणि तिथे स्थलांतरितांच्या मुलांमुळे आकडा फुगतो. इटलीतल्या याद्यांमध्ये रुमानिया आणि अल्बेनिया वर्षानुवर्षं वर दिसत आले. त्यातली बरीच मुलं इटलीतच शाळा शिकलेली असतात, हे लक्षात न घेता त्या यादीवरून निष्कर्ष काढू नये.

एक उदाहरण घ्या. भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा दुबईत वाढला, बारावी तिथेच झाली. तो पॅरिसला गेला तर काँपुस फ्रान्सच्या यादीत भारतीय. लंडनला गेला तर संयुक्त अरब अमिरातीचा, कारण ब्रिटनची आकडेवारी प्रवेशाआधीचा कायमचा पत्ता पाहते. शाळेचा देश नोंदवणाऱ्या ठिकाणी गेला तरीही अमिरातीचाच. मुलगा तोच. म्हणून दोन देशांच्या याद्या शेजारी ठेवण्याआधी प्रत्येक यादीखालची तळटीप वाचायची: पासपोर्ट, शाळा की पत्ता?

प्रश्न : जर्मनीत आता भारतीय विद्यार्थी पहिल्या क्रमांकावर आहेत असं ऐकतो. पण तिथे तर तुर्की मुलं सर्वाधिक असतील असं वाटायचं. हे कसं?

दोन्ही समजांना आधार आहे, कारण जर्मनी आपल्या आकडेवारीत परदेशी विद्यार्थ्यांचे दोन कप्पे करते. परदेशी पासपोर्ट आणि शाळाही परदेशातली, तो ‘बिल्डुंग्सआउसलेंडर’. परदेशी पासपोर्ट पण शाळा जर्मनीतली, तो ‘बिल्डुंग्सइनलेंडर’. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत परदेशी पासपोर्टचे एकूण ४,५८,२१० विद्यार्थी होते. त्यातले ३,६७,५७८ पहिल्या कप्प्यात. उरलेले सुमारे ९० हजार ६०० दुसऱ्या कप्प्यात, आणि तुर्की पासपोर्टची अनेक मुलं असतात ती या कप्प्यात. ती जर्मनीतच मोठी झालेली असतात. शिक्षणासाठी कोण आलं हे पाहायचं असेल तर फक्त पहिला कप्पा बघा.

त्या कप्प्यात २०२२-२३ मध्ये भारताने प्रथमच चीनला मागे टाकलं. तेव्हा भारतीय विद्यार्थी ४३ हजारांच्या आसपास होते, पुढच्या हिवाळ्यात सुमारे ४९ हजार, आणि २०२४-२५ मध्ये सुमारे ५९ हजार. त्या वर्षी एकूण संख्या ४ लाखांच्या थोडी पुढे गेली, म्हणजे बाहेरून आलेल्या दर सातांत एक भारतीय. चिनी विद्यार्थ्यांची संख्या या काळात फार पडली नाही, ३८ ते ४० हजारांच्या घरात रेंगाळली. म्हणजे चीन मागे गेला तो भारत वेगाने वाढला म्हणून. चिनी मुलांनी जर्मनी सोडली असं बातम्यांत वाचलं तर ते चूक आहे.

भारतातून जाणारे बहुसंख्य मास्टर्ससाठी जातात, तेही इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटरकडे. कारणं सरळ आहेत. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांना शिकवणी फी नाही, फक्त सत्रागणिक वर्गणी भरायची. इंग्रजीतले मास्टर्स अभ्यासक्रम भरपूर आहेत. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने राहता येतं. याला अपवादही आहेत आणि ते माहीत हवेत: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४-२५ पासून अभ्यासक्रमानुसार सत्राला २ हजार ते ६ हजार युरो फी सुरू केली.

सीरियाचं नावही या यादीत वरच्या दहात दिसेल. २०१५ च्या सुमारास आलेल्या निर्वासितांपैकी ज्यांची शाळा सीरियात पूर्ण झाली होती ते पहिल्या कप्प्यात मोजले गेले. त्यांचीच धाकटी भावंडं, जी जर्मन शाळेत बसली, ती विद्यापीठात जाताना दुसऱ्या कप्प्यात जातात, आणि जर्मन नागरिकत्व मिळालं तर दोन्ही कप्प्यांतून बाहेर. एकाच घरातली मुलं तीन वेगवेगळ्या रकान्यांत जाऊ शकतात. ‘सीरियातून येणारे घटले’ हे वाक्य लिहिण्याआधी हे तपासावं लागतं.

प्रश्न : मी भूगोल शिकवते. ऑस्ट्रियात जर्मन, चेकियात स्लोवाक, बेल्जियममध्ये फ्रेंच असे शेजारचेच विद्यार्थी पहिल्या क्रमांकावर का असतात? स्वतःच्या देशात चांगली विद्यापीठं असताना मुलं शेजारी का जातात?

परदेशी विद्यार्थी म्हटलं की आपल्याला लांबचा प्रवास आठवतो. पण युरोपीय संघातल्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी जवळपास पाचांतले दोन युरोपातूनच येतात, आशियातून साधारण एक चतुर्थांश. शेजारी जाण्यामागे तीन गोष्टी एकत्र येतात: भाषा तीच, फी स्थानिकांइतकीच (युरोपीय संघात दुसऱ्या सदस्य देशाच्या विद्यार्थ्याला जास्त फी लावता येत नाही), आणि घरच्या देशात अडलेला प्रवेश. यातली तिसरी गोष्ट बहुधा निर्णायक असते.

ऑस्ट्रियाचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. जर्मनीत वैद्यकीय शाखा आणि मानसशास्त्र यांना ‘नुमेरुस क्लाउझुस’ आहे, म्हणजे मर्यादित जागा आणि त्यात आबिटूरच्या, म्हणजे जर्मन शालान्त परीक्षेच्या, गुणांना मोठं वजन. ऑस्ट्रियात मातुरा (तिथली शालान्त परीक्षा) उत्तीर्ण झालेल्याला पूर्वी बहुतेक शाखांत थेट प्रवेश मिळे, पण परदेशी अर्जदाराने त्याच्या देशातही तोच प्रवेश मिळण्याची पात्रता दाखवावी अशी अट होती. ७ जुलै २००५ रोजी युरोपीय न्यायालयाने ही अट भेदभावाची ठरवून रद्द केली. जर्मनीत जागा न मिळालेली मुलं लगेच सीमा ओलांडून आली. ऑस्ट्रियाने २००६ मध्ये वैद्यकीय जागांची वाटणी केली: ७५ टक्के ऑस्ट्रियन शालान्त प्रमाणपत्र असलेल्यांना, २० टक्के युरोपीय संघातल्यांना, ५ टक्के इतरांना. पदवी घेऊन परत गेलेले डॉक्टर ऑस्ट्रियाच्या कामाला येत नाहीत, ही त्यामागची चिंता. इतर अनेक शाखांत अशी वाटणी नाही, आणि एकूणात जर्मन विद्यार्थी आजही तिथला सर्वांत मोठा परदेशी गट आहेत.

दुसऱ्या क्रमांकावर इटली दिसेल, आणि इथे नकाशा उघडून वर्गात दाखवा. ही मुलं रोम-नेपल्सची कमी, दक्षिण टिरोलची जास्त. तो प्रांत पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला, पण घरात आणि शाळेत जर्मन टिकली. त्यांना इन्सब्रुक जवळचं, भाषेनेही आणि अंतरानेही. तक्त्यात ‘इटली’ लिहिलेलं असतं, वर्गात जर्मन बोलली जाते.

चेकियातलं उत्तर त्याहून सोपं आहे. १९९३ पर्यंत देश एक होता. स्लोवाक विद्यार्थी चेक विद्यापीठांत सहसा आपल्याच भाषेत परीक्षा देतात आणि प्रबंध लिहितात, कारण दोन्ही भाषा एकमेकांना समजतात. सरकारी विद्यापीठात चेक भाषेतून शिकणाऱ्याला फी नाही, पासपोर्ट कुठलाही असो. ब्रनोचं विद्यापीठ ब्रातिस्लाव्हापासून रेल्वेने दीड तासाच्या आसपास. त्यामुळे स्लोवाकियाच्या विद्यार्थ्यांतला मोठा वाटा बाहेर शिकतो. उलट दिशेने मात्र स्लोवाकियात आता युक्रेनी विद्यार्थी सर्वांत जास्त आहेत.

बेल्जियमच्या फ्रेंच भाषिक भागात फ्रान्समधली मुलं येतात ती प्रामुख्याने पशुवैद्यक आणि फिजिओथेरपीसाठी, कारण फ्रान्समध्ये या शाखांच्या जागा मोजक्या आणि स्पर्धा कठीण. गर्दी इतकी वाढली की २००६ मध्ये तिथल्या सरकारने अशा शाखांत अनिवासी विद्यार्थी ३० टक्क्यांवर थांबवले आणि अर्ज जास्त आले की सोडत काढायला सुरुवात केली. गुण कितीही असोत, चिठ्ठी निघाली नाही तर प्रवेश नाही. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. १३ एप्रिल २०१० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की अशी मर्यादा एरवी बेकायदा आहे. सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणासाठी ती गरजेची आहे हे पुराव्याने दाखवता आलं तरच चालेल.

बाकीच्या जोड्या थोडक्यात: नेदरलँड्समध्ये जर्मन (मास्ट्रिख्ट आणि एन्सखेडे ही विद्यापीठं सीमेलगतच), एस्टोनियात फिनिश, ग्रीसमध्ये सायप्रसचे. स्वित्झर्लंडमध्ये भाषेप्रमाणे विभागणी दिसते. झुरिककडे जर्मन, जिनिव्हाकडे फ्रेंच, लुगानोकडे इटालियन.

प्रश्न : पोर्तुगालमध्ये ब्राझीलची मुलं, फ्रान्समध्ये मोरोक्को-अल्जीरियाची. हा जुन्या साम्राज्यांचाच परिणाम का?

साम्राज्याने भाषा आणि शाळेची घडण मागे ठेवली, आणि आजचा प्रवाह त्या दोन्हींवर चालतो. फ्रान्समध्ये मोरोक्को पहिला, मग अल्जीरिया, चीन. सेनेगलही वर असतो. मोरोक्कोत विज्ञानशाखेचं बरंचसं विद्यापीठीय शिक्षण फ्रेंचमधून होतं, त्यामुळे मुलाला भाषा नव्याने शिकावी लागत नाही.

पण केवळ इतिहास पुरत नाही, दार उघडावं लागतं. पोर्तुगालने २०१४ मध्ये दोन गोष्टी केल्या. परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र दर्जाचा कायदा आणला, ज्यामुळे विद्यापीठांना त्यांच्याकडून जास्त फी घेता येऊ लागली. आणि त्याच वर्षी कोइंब्रा विद्यापीठाने ब्राझीलच्या ‘एनेम’ या राष्ट्रीय परीक्षेचे गुण प्रवेशासाठी ग्राह्य धरले. मग इतर संस्थाही त्या वाटेने गेल्या. ब्राझीलच्या विद्यार्थ्याला वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागेना, आणि ओघ वाढला. ब्राझीलखेरीज अंगोला, केप व्हर्द, गिनी-बिसाऊ इथून मुलं येतात. स्पेनमध्ये कोलंबिया, एक्वाडोर, पेरू हे देश त्याच भाषिक कारणाने वर आहेत, आणि त्यांच्याबरोबर फ्रान्स व इटलीही, विशेषतः आरोग्यशाखांसाठी.

प्रश्न : युरोपच्या यादीत ब्रिटन का दिसत नाही? तिथे तर सर्वाधिक परदेशी विद्यार्थी असतात ना?

असतात. २०२३-२४ मध्ये ब्रिटनमध्ये ७,३२,२८५ परदेशी विद्यार्थी होते, म्हणजे तिथल्या एकूण विद्यार्थ्यांचा सुमारे एक चतुर्थांश. पण ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून युरोस्टॅटच्या संघाच्या बेरजेत येत नाही. ‘युरोप’ आणि ‘युरोपीय संघ’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले की इथेच घोटाळा होतो.

ब्रिटनमध्ये ‘कुठून’ हा नकाशाच पाच वर्षांत बदलला. १ ऑगस्ट २०२१ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी युरोपीय विद्यार्थ्यांची स्थानिक फीची सवलत गेली. २०२०-२१ मध्ये संघातले १,५२,९०५ विद्यार्थी होते. २०२३-२४ मध्ये ७५ हजारांच्या आसपास उरले. फी वाढली ती फक्त नव्या प्रवेशांना, जुने विद्यार्थी सवलतीवर शिकत राहिले, म्हणून एकूण आकडा एकदम न कोसळता वर्षागणिक उतरला. दुसरीकडे, जुलै २०२१ मध्ये पदवीनंतर दोन वर्षं काम करू देणारा ग्रॅज्युएट रूट सुरू झाला आणि भारत, नायजेरिया, पाकिस्तान इथला ओघ वाढला. २०२२-२३ मध्ये भारतीय विद्यार्थी सुमारे १ लाख ७३ हजार झाले आणि चीन मागे पडला.

मग २०२४ च्या जानेवारीपासून संशोधनाच्या नव्हे तर वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सला येणाऱ्यांना जोडीदार-मुलं आणायला बंदी झाली. त्याआधीच २०२३ च्या मध्यात नायजेरियाचं चलन कोसळलं होतं, पौंडातली फी नायरात मोजताना आवाक्याबाहेर गेली. नायजेरियाचे विद्यार्थी एका वर्षात सुमारे ७२ हजारांवरून साडेसत्तावन्न हजारांवर आले. ही घसरण इतक्या लवकर आकड्यात का दिसली? ब्रिटनचं मास्टर्स बहुधा एका वर्षाचं असतं. एक तुकडी बाहेर पडली आणि नवी तेवढी आली नाही, की पुढच्याच वर्षी एकूण संख्या खाली येते. जर्मनीत मास्टर्स दोन वर्षांचं आणि प्रत्यक्षात अनेकदा त्याहून लांबतं, म्हणून तिथे धोरणाचा परिणाम एकूण आकड्यात उशिरा उतरतो. कल लवकर ओळखायचा असेल तर दोन्हीकडे ‘या वर्षी नव्याने दाखल’ हा रकाना पाहा.

प्रश्न : हंगेरी, रुमानिया, लाटव्हिया अशा देशांत वैद्यकीय शिक्षणाला परदेशी मुलं फार जातात म्हणे. कुठली? माझी मुलगीही विचार करते आहे.

या देशांत वैद्यकीय शाखा परकी भाषेतून चालवली जाते आणि ती भाषाच विद्यार्थी ठरवते. बुडापेस्टचं सेमेलवाइस विद्यापीठ १९८३ पासून जर्मन भाषेतून वैद्यक शिकवतं. घरी जागा न मिळालेली जर्मन मुलं तिथे फी भरून शिकतात, आणि पहिल्या दोन वर्षांनंतर जर्मनीत बदली मिळते का याच्या प्रयत्नात अनेकजण असतात. इंग्रजी तुकड्यांत नॉर्वे, इस्रायल, इराण अशा ठिकाणची मुलं दिसतात. रुमानियातल्या क्लुजमध्ये २००० पासून फ्रेंच तुकडी आहे, तिथे फ्रान्समधली मुलं. एकूण रुमानियात मात्र मोल्दोव्हा पहिला, कारण भाषा एकच आणि राखीव जागा-शिष्यवृत्त्याही. रीगाच्या स्ट्रादिन्श विद्यापीठात जर्मन, स्वीडिश, फिनिश. संघातल्या देशाची वैद्यकीय पदवी दुसऱ्या सदस्य देशात आपोआप मान्य होते, या नियमावर ही सगळी वाहतूक उभी आहे.

तुमच्या मुलीला हा नियम तसाच लागू पडत नाही, हे नीट ध्यानात घ्या. भारतात परतून व्यवसाय करायचा असेल तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नोव्हेंबर २०२१ चे नियम लागतात: किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, तोही सबंध एकाच परदेशी संस्थेत, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या देशात व्यवसाय करण्याचा परवाना मिळण्याची पात्रता. जर्मन मुलं अर्ध्यातून बदली घेतात म्हणून आपणही घेऊ, असं केलं तर ‘एकाच संस्थेत’ ही अट मोडते. परवान्याच्या अटीतही मेख आहे: इंग्रजीतून शिकवणाऱ्या देशातही परवान्यासाठी स्थानिक भाषेची परीक्षा मागितली जाऊ शकते. प्रवेशाआधी विद्यापीठाकडून या पाचही मुद्द्यांची उत्तरं लेखी मागा. एजंटच्या तोंडी शब्दावर थांबू नका.

युद्धाआधी युक्रेनही या यादीत होता. २०२० मध्ये तिथल्या सुमारे ७६ हजार परदेशी विद्यार्थ्यांत १८ हजारांवर भारतीय होते, देशवार पाहता सर्वांत जास्त. २०२२ नंतर त्यातले अनेक जॉर्जिया, पोलंड, हंगेरी इथे विखुरले.

प्रश्न : फी लावली की परदेशी विद्यार्थी खरंच कमी होतात का? की चांगल्या विद्यापीठांना फरक पडत नाही?

सुरुवातीला जबर फरक पडतो. स्वीडनने २०११ च्या शरद सत्रापासून संघ आणि युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्यांना फी लावली. त्या गटातले नवे प्रवेश जवळपास ८० टक्क्यांनी पडले. नॉर्वेने २०२३ मध्ये तेच केलं आणि घसरणही जवळपास तितकीच झाली. डेन्मार्कने २००६ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये फी आणली. फिनलंडमध्ये आकडा नंतर सावरला. २०२२ मध्ये संपूर्ण शिक्षणकाळासाठी एकदमच निवास परवाना देण्याचा बदल झाला, आणि नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका इथून येणारे झपाट्याने वाढले.

इथे टक्केवारी कशी फसवते ते पाहा. समजा १०० परदेशी विद्यार्थी आहेत, ५० युरोपीय, ५० बाहेरचे. फी लागली, बाहेरचे १० उरले. युरोपीय तेवढेच, ५०. आता ‘युरोपातून येणाऱ्यांचं प्रमाण ५० वरून ८३ टक्क्यांवर’ असा मथळा छापता येतो, पण एकही जादा युरोपीय विद्यार्थी आलेला नाही. फीबदलाच्या वर्षी प्रमाण बाजूला ठेवून मूळ संख्या वाचावी.

प्रश्न : मला प्रकल्पासाठी स्वतः तक्ता काढायचा आहे. युरोस्टॅटवर कसं शोधायचं?

संकेतस्थळाच्या माहितीसाठ्यात ‘मोबाइल स्टुडंट्स फ्रॉम अब्रॉड एन्रोल्ड’ असं इंग्रजीत शोधा. त्यातला ‘कंट्री ऑफ ओरिजिन’ असलेला तक्ता घ्या. अभ्यासशाखेचा तक्ता वेगळा आहे, तो उघडला तर देश सापडणार नाहीत.

मग पातळी निवडा. ५ म्हणजे पदवीहून लहान अभ्यासक्रम, ६ पदवी, ७ मास्टर्स, ८ डॉक्टरेट, आणि ५ ते ८ म्हणजे सगळे मिळून. बहुतेकांची चूक इथे होते: एका देशासाठी ६ आणि दुसऱ्यासाठी ५ ते ८ निवडलेलं राहतं. पदवीला शेजारचे देश जास्त दिसतात, मास्टर्स आणि डॉक्टरेटला लांबचे; त्यामुळे पातळ्या मिसळल्या की चित्र बिघडतं.

वर्ष निवडताना २०२१ म्हणजे २०२०-२१ हे शैक्षणिक वर्ष समजा. संपण्याचं वर्ष धरतात. राष्ट्रीय संस्थांचे आकडे मात्र बहुधा २०२१-२२ असे जोडवर्षाने येतात. याच कारणाने एका वर्षाचा सांधा हमखास चुकतो.

आकड्याशेजारची रोमन अक्षरं पुसू नका. ‘बी’ म्हणजे या वर्षी मोजण्याची पद्धत बदलली, आधीच्या वर्षांशी तुलना थांबवा. ‘डी’ म्हणजे व्याख्या इतरांहून वेगळी. ‘ई’ अंदाजित, ‘पी’ तात्पुरता. नुसता कोलन दिसला तर माहिती उपलब्ध नाही. त्याला शून्य समजून बेरीज केलेले प्रकल्प बरेच असतात. आणि सर्वांत खाली ‘अज्ञात’ देशाची ओळ असते. ती मोठी असेल तर वरच्या क्रमवारीवर फार भर देऊ नका.

प्रश्न : स्पेनमध्ये जिकडेतिकडे परदेशी विद्यार्थी दिसतात, तरी आकडेवारीत तो देश फार वर नाही. का?

डोळ्यांना दिसणारी बरीच मुलं इरॅस्मस या युरोपीय विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतली असतात. ही देवाणघेवाण १९८७ मध्ये ११ देश आणि ३,२४४ विद्यार्थ्यांपासून सुरू झाली. ही मुलं एक-दोन सत्रं येतात, पदवी मात्र घरच्याच विद्यापीठाची घेतात. म्हणून ती घरच्या देशात मोजली जातात आणि युरोस्टॅटच्या वरच्या तक्त्यात येत नाहीत. इरॅस्मससाठी सर्वाधिक पसंती स्पेनला असते, त्यामुळे तिथे ही तफावत जास्त जाणवते.

प्रश्न : लक्झेंबर्गमध्ये निम्म्याहून अधिक विद्यार्थी परदेशी कसे?

देश लहान, आणि देशातलं एकमेव सरकारी विद्यापीठ २००३ मध्ये स्थापन झालं. त्याआधीपासून स्थानिक मुलं जर्मनी, बेल्जियम, फ्रान्स, ऑस्ट्रिया इथे शिकायला जात आली, आणि आजही जातात. म्हणजे एकूण विद्यार्थ्यांचा छेदच लहान राहतो. विद्यापीठात फ्रेंच, जर्मन, इंग्रजी तिन्ही भाषा चालतात, त्यामुळे तिन्ही शेजारी देशांतून मुलं येतात. डॉक्टरेटला तर परदेशी विद्यार्थ्यांचं प्रमाण याहून कितीतरी वर आहे. शिवाय पदवीच्या विद्यार्थ्याला एक सत्र परदेशी विद्यापीठात काढावंच लागतं, त्यामुळे तिथे दाखल झालेली स्थानिक मुलंही त्यातला काही काळ देशाबाहेर असतात.